तिजोरीबाहेरचं पिस्तूल

आल्मेरे, २९ सप्टेंबर

ती. विशाखाताईंना चित्राचा नमस्कार.

आल्मेरेहून वाखनिंगनला हातानं लिहिलेलं पत्र बघून तुम्ही आधी हसाल आणि मग घाबराल. घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन करत नाही, कारण तुमचा भाऊ आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतो आणि आमच्या भिंतींतून मिक्सरसुद्धा शेजारी ऐकू जातो. व्हॉट्सअॅप घरातल्या टॅबवरही उघडतं, तो टॅब सगळे वापरतात. तुम्हीही पोस्टानंच उत्तर द्या, आणि घरी नको, माझ्या क्रेशच्या पत्त्यावर. पाकिटामागे लिहिलाय. पोरं दुपारी झोपली की वाचीन.

समोरच्या मारायकेबाईंच्या दाराशी स्फोट झाला, ते सुदर्शननं सांगितलं असेलच. फटाक्यांचा बॉम्ब दाराला चिकटवून दोघं स्कूटरवरून पळाले. दार गेलं, खिडक्या गेल्या, बाई मागच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. पोलीस म्हणतात, पत्ता चुकला असणार. पंच्याहत्तरीच्या बाई, घरात एक मांजर, त्यांच्याशी कोण वैर धरणार? सुदर्शननं त्यांच्या दाराला प्लायवूड ठोकून दिलं, त्या दोन दिवस आमच्याकडे राहिल्या. इथवर सगळं ठीक.

आता खरं कारण. सुदर्शनचं नेमबाजीचं पिस्तूल माळ्यावरच्या तिजोरीत असतं. क्लबात नेण्याखेरीज ते बाहेर काढायचं नाही, असा इथला डच कायदा आहे. तुम्हाला सांगायला नको, परवान्याच्या अर्जात त्याची खात्री देणारी ओळखीची व्यक्ती म्हणून तुमचंच नाव आहे. ताई, ते तिजोरीत नाही. ते त्याच्या कमरेला आहे. मी डाळीचा डबा घ्यायला त्याच्या मागून हात घातला आणि माझ्या हाताला लागलं. मी विचारलं, तर म्हणाला, "घरातच आहे ना? घरात काय हरकत आहे?"

फोन आला की तो माळ्यावर जातो. दारावरच्या कॅमेऱ्याची चित्रं पुन्हा पुन्हा बघतो. माझ्या मनात पाल चुकचुकतेय. तो बॉम्ब आमच्यासाठी होता आणि सुदर्शनला ते माहीत आहे, असं मला वाटतं. कोणाशी त्याचं काही वाकडं आलंय का? तो तुमच्यापासून काही लपवत नाही. माझ्यापासून लपवतो.

तुमची,
चित्रा

•

वाखनिंगन, ४ ऑक्टोबर

प्रिय चित्रा,

तुझं पत्र मी ग्रीनहाउसमध्ये, टोमॅटोच्या रोपांत उभी राहून वाचलं. माझ्या विद्यार्थ्यांना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. क्रेशच्या पत्त्यावर पत्रं काय, टॅबची भीती काय! तू सुदर्शनवर पाळत ठेवतेस की तो तुझ्यावर, हेच मला कळेना.

स्पष्टच लिहिते, रागावू नकोस. तुला तो क्लब पहिल्यापासून आवडलेला नाही. त्याच्या गुरुवारांबद्दल तू माझ्याकडे कितीदा कुरकुर केलीस, आठव. त्यामुळे कमरेचं पिस्तूल तुला जरा मोठंच दिसत असेल, अशी मला शंका आहे. माझा भाऊ भांडखोर नाही. लहानपणी हा रोज निजताना तीन तीनदा कडी तपासायचा, आणि आम्ही सगळे हसायचो.

पण एक गोष्ट मला माहीत आहे. तुला सांगायची नाही असं त्यानं बजावलंय. तरी सांगते, कारण तुझी कल्पना खऱ्यापेक्षा भयंकर आहे. स्फोटाआधी तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होता. स्कूटरवरच्या एकाच्या हेल्मेटची काच वर होती. दोघांची नजरानजर झाली. सुदर्शननं पोलिसांना त्याचं वर्णन सांगितलं, कॅमेऱ्याचं चित्रणही दिलं. आता त्याला वाटतं, त्या माणसाला आपलं घर माहीत आहे. माळ्यावरचे फोन पोलिसांचे आहेत. तुला कळलं तर तू मृण्मयीची शाळा सोडवून लेकीला घेऊन पुण्याला निघून जाशील, या धास्तीनं तो गप्प आहे.

पिस्तूल मात्र तिजोरीतच हवं. मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
विशाखाताई

•

आल्मेरे, १२ ऑक्टोबर

ती. ताई,

म्हणजे पोलिसांना माहीत, तुम्हाला माहीत, त्या स्कूटरवाल्याला माहीत. फक्त मी ज्या घरात राहते त्या घरावर कोणाचा डोळा आहे, हे मला माहीत नाही. फार वाईट वाटलं. तुमच्या गप्प राहण्याचंही वाटलं.

मी त्याला विचारलं. तुमचं नाव घेतलं नाही, पण त्यानं ओळखलं. आधी चिडला, मग ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तू घाबरशील म्हणून." मी म्हटलं, तुझ्या कमरेला हात लागला तेव्हा मी घाबरले, ते काय कमी होतं? आम्ही दोघं माळ्यावर गेलो. त्यानं माझ्यासमोर पिस्तूल तिजोरीत ठेवलं, किल्ली फिरवली, मृण्मयीची शपथ घेतली. मी विश्वास ठेवला.

बाकी संशय काही गेलेला नाही. पार्सलवाला नवा दिसला की त्याच्या गाडीचा नंबर टिपतो. परवा नगरपालिकेचा माणूस रस्त्यावरची झाडं तपासायला आला होता, त्याचाही फोटो काढून ठेवलाय. आणि खरं सांगू? आता मीही बघते. क्रेशहून येताना मागे स्कूटर ऐकू आली, तर मी सायकल थांबवून तिला पुढे जाऊ देते.

भाऊबीज आपण सोयीनं शनिवारी करू. तुम्ही नक्की या. तुमच्यासमोर तो सरळ असतो.

तुमची,
चित्रा

•

वाखनिंगन, २७ ऑक्टोबर

प्रिय चित्रा,

तुझ्या अनारशांचं कौतुक लिहायला घेतलं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

मी त्याला ओवाळलं. तू तबक उचलून आत गेलीस, मृण्मयी फोनवर फोटो बघत होती. तो पाटावरून उठला आणि मला नमस्कार करायला वाकला. माझा हात त्याच्या पाठीवर होता. झब्बा वर सरकला, आणि चित्रा, ते तिथे होतं. पट्ट्यात खोचलेलं. मी भावाला आशीर्वाद देत होते आणि माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर ते काळं मूठभर लोखंड होतं. "औक्षवंत हो" म्हणताना माझी जीभ अडखळली. त्यानं वर बघितलं. त्याला कळलं की मी बघितलंय. 

तुझं खरं होतं. मी तुला कुरकुरी ठरवलं, चुकले.

स्टेशनवर सोडायला आला तेव्हा मी त्याला गाडीत धरलं. म्हणाला, "ताई, तिजोरीतलं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं पिस्तूल. दार फोडून माणूस आत येईस्तोवर मी माळ्यावर चढून किल्ली शोधत बसू?" मी म्हटलं, तू मृण्मयीची शपथ घेतलीस. तर म्हणाला, "तिच्याचसाठी तर मोडली."

त्याला थोडा वेळ दे. मी त्याला वळणावर आणते.

तुझी,
विशाखाताई

•

आल्मेरे, ३ नोव्हेंबर

ताई,

वेळ कशाला द्यायचा? एखाद्या दिवशी चुकून कोणीतरी मरेपर्यंत?

मी तुम्हाला स्पष्ट विचारते. त्याच्या अर्जात तुमचं नाव आहे. तुम्ही पोलिसांना एक फोन केलात की ते येऊन पिस्तूल घेऊन जातील. मी केला तर माझा संसार मोडेल. तुम्ही बहीण आहात, तुमच्याशी असलेलं नातं काही तुटणार नाही.

तो वाईट वागत नाही, म्हणून जास्त अवघड आहे. स्वयंपाक करतो, मृण्मयीचं गणित घेतो, मारायकेबाईंची मांजर शोधून आणतो. हे सगळं कमरेला पिस्तूल लावून. आणि एक कबूल करते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. परवा घंटी वाजली, दारात दोन अनोळखी माणसं होती, आणि क्षणभर मला बरं वाटलं की त्याच्याकडे ते आहे. ती माणसं काचेच्या दुरुस्तीची होती. मग मला माझीच लाज वाटली.

चित्रा

•

वाखनिंगन, १४ नोव्हेंबर

प्रिय चित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला जे करायचं नाही ते तू माझ्या हातून करून घेऊ बघतेस, असं मला वाटलं, आणि मी दोन दिवस रागात होते.

त्याचा डच पासपोर्टचा अर्ज गेलेला आहे. शस्त्राच्या कायद्यात सापडला तर त्याचं काय होईल, कुणाला ठाऊक. एवढी वर्षं राबून उभं केलेलं मी एका फोननं कसं पाडू? आई-बाबा गेल्यावर त्याला माझ्याशिवाय कोण आहे? हे कारण दुबळं आहे, मला कळतं.

काल त्याच्याशी तासभर बोलले. त्यानं मला वचन दिलंय, या महिन्यापासून तिजोरीत. या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवते. तूही ठेव.

विशाखाताई

•

आल्मेरे, ६ डिसेंबर

ती. ताई,

रात्रभर झोपले नाही, अक्षर समजून घ्या.

काल सिंटरक्लासची संध्याकाळ. इथे त्या दिवशी काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी येऊन दारावर मुठी आपटतात, भेटींचं पोतं उंबऱ्यावर टाकतात आणि पळून लपतात. आतल्यांनी दचकून दार उघडायचं आणि हसायचं. क्रेशमध्ये सकाळी मी स्वतः हेच केलं, पोरं किंचाळली, उधळलेली पेपरनोटन बिस्किटं गोळा करताना एकमेकांवर पडली. पण आमच्या घरी कधी कोणी केलं नव्हतं. मृण्मयी पंधरा वर्षांची, तिच्यासाठी कोण करणार?

मारायकेबाईंना सुदर्शनचे आभार मानायचे होते. त्यांनी मृण्मयीला हाताशी धरलं. ती "मैत्रिणीकडे जाते" म्हणून बाहेर पडली ती त्यांच्याकडे गेली, बाईंच्या गेलेल्या नवऱ्याचा काळा रेनकोट घातला, टोपी नाकापर्यंत ओढली.

अंधार पडला होता. सुदर्शन कुकर लावत होता. कॅमेरा वाजला. फोनवर दिसलं, टोपीतलं कोणीतरी आमच्या उंबऱ्यावर पोतं टाकून पळालं. लगेच खिडकीवर धाडधाड. सुदर्शन ओरडला, "मागे हो!" आणि ताई, मला सिंटरक्लास आठवला नाही. दिवसभर तोच खेळ खेळून आलेल्या मला आठवला नाही. मला फक्त बॉम्ब आठवला. मी ओरडले, "पिस्तूल आहे ना? घे ना!" हे मीच म्हणाले. दोन महिने तुम्हाला पत्रं लिहिणारी मी.

तो मागच्या दारानं बोळातून फिरून पुढे गेला. मी त्याच्या मागे. कचऱ्याच्या डब्यांमागे ते माणूस तोंडावर हात दाबून बसलं होतं. सुदर्शननं पिस्तूल रोखलं. डचमध्ये ओरडला, उभा राहा. आणि ती उभी राहिली, हात वर करून, हसत. तिला वाटलं, तोही खेळतोय. मग टोपी मागे पडली. मग तिनं त्याच्या हातात काय आहे ते बघितलं.

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तोंडावर तसंच राहिलं.

सुदर्शननं पिस्तूल खाली फरशीवर ठेवलं आणि तिथेच बसला. बोट ट्रिगरवर होतं का, मी त्याला विचारलं. म्हणाला, "मला माहीत नाही." मारायकेबाई कुंपणामागे उभ्या होत्या. त्यांनी मृण्मयीला जवळ घेतलं. नंतर मला म्हणाल्या, मी कोणाला काही सांगणार नाही.

पोत्यात त्यांनी सुदर्शनसाठी विणलेली लोकरीची टोपी होती.

मी आज काही ठरवू शकत नाही. तुम्हाला कळावं एवढंच.

चित्रा

•

वाखनिंगन, ८ डिसेंबर

चित्रा,

मी पोलिसांना कळवलं. आज सकाळी, प्रयोगशाळेत जायच्या आधी.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग त्यातलं अर्धं तुझ्या डोक्यावर आलं असतं. माझं नाव त्या अर्जावर होतं. या माणसाच्या हातात शस्त्र द्यायला हरकत नाही असं मी सांगितलं होतं, आता हरकत आहे हेही मीच सांगायला हवं. हे नोव्हेंबरातच करायचं होतं. त्याचं वचन मला हवं होतं म्हणून मी ते खरं मानलं.

फोनवरच्या बाई शांतपणे बोलल्या. शेवटी म्हणाल्या, तुमचा भाऊ ना? मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तुम्ही दोघी एकमेकींना धरून राहा.

विशाखाताई

•

आल्मेरे, १५ डिसेंबर

ती. ताई,

ते आले, दोघं. नीट बोलले. सुदर्शननं स्वतःच किल्ली दिली. पिस्तूल, गोळ्या, परवाना घेऊन गेले. पुढे काय होईल ते कळवतील. पासपोर्टचं काही बोलले नाहीत. मृण्मयीशी एक जण वेगळा बसून बोलला. कोणी कळवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

सुदर्शनला वाटतं, मी.

दार लागल्या लागल्या त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "इतकी वर्षं या डच लोकांत नोकरी केलीस, तक्रार कुठे करायची ते बरोबर शिकलीस." मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्याचा संशय मारायकेबाईंवर गेला असता किंवा थेट तुमच्यावर. आता तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

राहू दे तसंच. माझ्यावरचा राग घरातच राहील. रोज एका टेबलावर जेवताना माणूस किती दिवस रागावणार? तुमच्यावरचा राग मात्र तो वाखनिंगनला ठेवून येईल आणि पुन्हा तिकडे बघणार नाही. मी त्याला ओळखते. माझी शपथ आहे तुम्हाला, गप्प राहा.

तुमची,
चित्रा

•

वाखनिंगन, १९ डिसेंबर

प्रिय चित्रा,

तुझी शपथ मी मोडली. आमच्या घराण्यात शपथा फार टिकत नाहीत, असं दिसतं.

काल त्याचा फोन आला. तुझ्याबद्दल बोलत होता. चित्रानं पाठीत सुरा खुपसला, चित्राला मी नकोच होतो, चित्रा आता मुलीलाही तोडेल. मी ऐकत होते. मग तो लहान मुलासारखा म्हणाला, "ताई, या घरात मी आता विश्वास तरी कोणावर ठेवू?" तेव्हा मला राहवलं नाही. तुझ्या घरात तुझ्यावर खोटा संशय आणि इथे मी त्याची लाडकी बहीण, हे मला झेपणार नव्हतं. सांगितलं. मी कळवलं, चित्राला विचारलंही नव्हतं.

तो एवढंच म्हणाला, "तू?" आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन तो उचलत नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं.

मला चालेल, असं लिहिणार होते. चालत नाही. फार दुखतंय. पण तू आता मोकळी आहेस.

तुझी,
विशाखाताई

•

आल्मेरे, २ जानेवारी

ती. ताईंना नमस्कार.

तुमच्याशी फोनवर बोलून तो माळ्यावरून खाली आला, चहा केला आणि माझ्यासमोर कप ठेवला. माफी मागितली नाही. चहात साखर घातली होती, मी घेत नाही ते तो विसरला होता, मी तसाच प्याले.

तुमचं नाव तो काढत नाही. मी काढलं तर उठून जातो. धीर धरा. मीही धरतेय. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मृण्मयीसाठी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलंय, ती त्यांच्याकडे जायला लागली आहे. सुदर्शननंही जावं असं त्या म्हणतात. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

एक लिहायचं राहिलं होतं. लिहू की नको, कळत नव्हतं.

मृण्मयीकडे घराची किल्ली आहे. आता ती किल्ली वापरत नाही. शाळेतून येते, फाटकाशी सायकल लावते, टोपी थंडीतसुद्धा काढून हातात धरते आणि कॅमेऱ्यात तोंड नीट दिसेल अशी उभी राहते. मग घंटी वाजवते. ही मुलगी जन्मल्यापासून आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, हे तुम्ही जाणताच. आता ती दाराबाहेरून मराठीत सांगते. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"बाबा, मी आहे. मृण्मयी."

घरात आता पिस्तूल नाही, हे तिला माहीत आहे. तरी रोज सांगते. सुदर्शन खुर्चीत असतो, त्याला ऐकू जातं, तो उठायला बघतो आणि पुन्हा बसतो. दार मी उघडते.

तुमची,
चित्रा